कपाळावरचं माप

चेहऱ्याची शस्त्रक्रिया शिकायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी कावसजीची हकिगत सांगते. ती आपल्या पुण्याची आहे.

कावसजी हा मराठा शेतकरी. 1792च्या म्हैसूर युद्धात तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. ही शस्त्रक्रिया कशी होते, ते मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी समक्ष पाहिलं. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचं वर्णन कावसजीच्या चित्रासह छापून आलं.

आधी मेणाची पातळ पापडी उरलेल्या नाकावर बसवून नव्या नाकाचा आकार द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ आखायची आणि तेवढीच कातडी सोडवायची. दोन डोळ्यांमधला देठ मात्र तोडायचा नाही, कारण रक्त तिथूनच येतं. कातडी अर्धी पिळून खाली आणायची, चिरेत बसवायची, वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं फडकं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा.

1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये हीच रीत वापरली आणि ती युरोपभर गेली. आम्ही आजही कपाळाची कातडी अशीच उतरवतो, देठही साधारण तीन आठवड्यांनीच कापतो.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मेण. ते माप त्याच माणसाच्या चेहऱ्यावर घेतलेलं होतं.

आज माप घ्यायला संगणक आहे. अपघातात एका बाजूचं गालाचं हाड चुरलं, तर सीटी स्कॅनमधून धडधाकट बाजूचा आरसा धरून दुसरी बाजू आखता येते. हाडांच्या कडा ओळखायचं किचकट काम एआय झटपट करतं. मी हे मनापासून स्वीकारते, कारण माप रुग्णाचंच असतं. पण एखादी तरुण मुलगी ॲपनं ‘सुधारलेला’ स्वतःचा फोटो घेऊन येते, तेव्हा मला काळजी वाटते. ते अरुंद, टोकदार नाक हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं. तिच्या जाड कातडीला, कूर्चेला, श्वासाला ते मानवेल का, हे त्या चित्राला ठाऊक नसतं. सौंदर्याला गुण देणारं सॉफ्टवेअर तर तिला तिच्या आईच्या नाकाची लाज वाटायला शिकवतं.

दुसरी गोष्ट नोंदीची. कावसजीचा चेहरा लंडनपर्यंत गेला, त्याचं नाक घडवणाऱ्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. आज रुग्णांच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंवर एआय शिकतं. 2023च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं संमतीला महत्त्व दिलं आहे, पण ऑपरेशनच्या फॉर्ममधली एक सही म्हणजे यंत्राला शिकवायची परवानगी नव्हे. ती वेगळी मागावी, नकार दिला तरी उपचार तसाच व्हावा. आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं ते कुणाच्या चेहऱ्यांवर शिकलं, हे डॉक्टरला लेखी सांगावं. ते सांगता येत नसेल, तर त्याचं माप आम्ही रुग्णाच्या चेहऱ्याला लावू नये.