गृहपाठाचें मोजमाप

संध्याकाळीं दिवे लागले कीं घरोघरीं वह्या उघडतात. मुलानें उद्यांचा गृहपाठ पुरा केला कीं नाहीं, हें आईबाप विचारतात; परंतु तो गुरुजींनीं कशासाठीं दिला, आणि वही परत आली तेव्हां तिच्या समासांत काय लिहिलें होतें, हें विचारणारें घर विरळा. गंमत अशी कीं, शिक्षणशास्त्रालाही हे प्रश्न फार उशिरां सुचले. त्या उशिराचीच कथा, श्रोतेहो, आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

कथेचा आरंभ अमेरिकेंत होतो. जोसेफ मेयर राइस हे न्यूयॉर्कचे एक डॉक्टर. रोग्याची नाडी पाहावी तशी शाळांची नाडी पाहावी, असें त्यांनीं मनावर घेतलें. शब्दांचीं स्पेलिंगें घोकणें हें त्या काळीं शिक्षणाचें मोठेंच अंग समजलें जाई. राइस ह्यांनीं सुमारें ३३,००० मुलांच्या स्पेलिंगांची परीक्षा पाहून १८९७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. घोकण्यास अधिक वेळ दिल्यानें अधिक येतें असें नाहीं. दिवसाकाठीं पाव तास पुरे! शिक्षणखात्यांतील अनेक अधिकारी ह्या उपद्व्यापावर संतापले. पण मोजपट्टी शाळेंत शिरली ती शिरलीच.

पुढें १९०० मध्यें एडवर्ड बॉक ह्या संपादकानें 'लेडीज होम जर्नल' मासिकांतून मुलांवरील अभ्यासाच्या ओझ्याविरुद्ध कडाडून लिहिलें. १९०१ मध्यें कॅलिफोर्नियानें तर पंधरा वर्षांखालील मुलांवर गृहपाठाची सक्ती करूं नये, असा कायदाच केला! तो १९१७ मध्यें रद्द झाला. ओझें वाढविणारे आणि उतरविणारे, दोघांचाही वाद 'किती' ह्या एका शब्दाभोंवतीं फिरत होता. 'कशासाठीं' हा प्रश्न बाजूसच राहिला.

गुरुजींच्या शेऱ्याचें वजन करण्याचा गाजलेला प्रयत्न १९५८ सालचा. एलिस पेज ह्यांनीं ७४ माध्यमिक शिक्षक आणि त्यांचे २,१३९ विद्यार्थी निवडले. शिक्षकांनीं वर्गांतील नेहमींची चाचणी तपासून गुण दिले. मग मुलांचे तीन गट पाडले, तेही दैवावर सोपवून. एका गटास नुसते गुण. दुसऱ्यास ठरीव शेरा. तिसऱ्यास शिक्षकाला मनापासून वाटेल तो शेरा. पुढच्या चाचणींत तिसरा गट सर्वांत पुढें, आणि नुसत्या गुणांचा सर्वांत मागें राहिला. शिक्षकांची समजूत अशी होती कीं, शेऱ्याचा उपयोग हुशार मुलांनाच अधिक होतो. प्रयोगांत तिला कांहींच आधार सांपडला नाहीं. पुढें हाच प्रयोग इतरांनीं केला तेव्हां दर वेळीं असेंच फळ आलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

'कशासाठीं' ह्या प्रश्नाचें नीटस उत्तर जॉइस एपस्टाइन आणि फ्रान्सिस व्हॅन व्हूर्हिस ह्या विदुषींनीं २००१ मध्यें मांडलें. गृहपाठ देण्यामागचे दहा हेतु त्यांनीं वेगळे केले. सराव आणि उद्यांच्या पाठाची तयारी हे त्यांत आहेत. पालक व मूल ह्यांचा संवाद आहे. शाळेच्या नियमाचें पालन आहे, लोकांत शाळेचें नांव राखणें आहे, आणि शिक्षाही आहे! एकच वही, पण एकीकडे ती मुलाची सोबतीण, तर दुसरीकडे त्याच्या हातावरची छडी.

मिनिटें मोजावयास घड्याळ पुरतें. हेतु मोजावयास गुरुजींनाच विचारावें लागतें. एवढें समजावयास विद्वानांना शंभर वर्षें लागलीं. आपणांस एक संध्याकाळ पुरेल. आज वही हातीं घ्याल तेव्हां गुणांचा आंकडा घटकाभर झांकून ठेवा आणि समास पाहा. तेथें मुलासाठीं एखादें वाक्य आहे काय? वर्गांत मागें पडलेल्या मुलाची वही असेल, तर हें विसरूं नका. कारण ज्याला शेऱ्याचा उपयोग नाहीं असें आपण धरून चालतों, त्याच्याच वहींतला समास बहुधा कोरा राहतो.