भवाईचे वेश आणि त्यांचे प्रेक्षक

गुजरातच्या भवाईविषयी मराठी अभ्यासकांनी जे लिहिले आहे, त्यात तिच्या उत्पत्तीची चर्चा बरीच आढळते आणि तमाशाशी तिचे साम्य दाखविण्याचाही प्रयत्न दिसतो. परंतु भवाई पाहणाऱ्यांनी तिचे स्वागत वा निषेध कसा केला आणि तो काळानुसार कसा बदलत गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः एखाद्या जुन्या नाट्यप्रकाराचे पुनरुज्जीवन होते तेव्हा नट, संहिता आणि रंगमंच यांच्याबरोबर प्रेक्षकही बदललेला असतो. विसाव्या शतकात भवाई पुन्हा उभी राहिली, तिचे कौतुकही झाले. ते कौतुक कोणी केले व का केले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार सुरतेपासून सुरू करावा लागतो. भवाईचे मूळ क्षेत्र उत्तर गुजरात व सौराष्ट्र हे होय, सुरत नव्हे. परंतु भवाईविषयीचे शिक्षित मत ज्या पिढीत घडले, त्या पिढीचे कितीतरी धुरीण सुरतेचे होते, आणि त्यांच्या घडणीत एका मराठी गृहस्थाचाही हात होता.

भवाई म्हणजे एक अखंड नाटक नव्हे. ती स्वतंत्र वेशांची मालिका आहे. वेश म्हणजे एक छोटे, स्वयंपूर्ण नाट्य. एका रात्रीत असे अनेक वेश एकामागून एक होतात. एकाच्या कथेचा दुसऱ्याच्या कथेशी संबंध नसतो. त्यांना जोडणारा नायक, त्याच्या जोडीचा विदूषक रंगलो, लांबलचक तांब्याच्या भुंगळींचा नाद आणि पात्र प्रवेश करताना गायिले जाणारे 'आवणुं', एवढीच काय ती एकसूत्रता. आरंभी गणपतीचा वेश येतो. मग ब्राह्मण येतो, झंडा व तेजा यांची प्रेमकथा येते, विजोड विवाहाची थट्टा करणारा 'कजोडा' येतो, जसमा ओडण येते, आणि पहाट होते. या वेशांचा आद्य कर्ता म्हणून चौदाव्या शतकातील सिद्धपूरच्या असाईत ठाकरचे नाव परंपरा सांगते व त्याने तीनशे साठ वेश रचले असे मानते.

असाईतविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ऊंझा गावच्या हेमाळा पाटलाची मुलगी गंगा हिला एका मुसलमान सरदाराने पळविले. ती आपली कन्या आहे, असे सांगून असाईतने तिला सोडविण्याचा यत्न केला. खात्री पटावी म्हणून त्याला तिच्यासह एका ताटात जेवावे लागले, आणि या अपराधासाठी औदीच्य ब्राह्मणांनी त्याला जातीबाहेर टाकले. मग तो आपल्या मुलांसह गावोगाव वेश करीत हिंडू लागला. त्याच्या वंशजांची तरगाळा ही जात भवाईचा व्यवसाय करीत आली. आख्यायिकेतील ऐतिहासिक सत्य कितीही असो, भवाईने स्वतःची जन्मकथा जातीने बहिष्कृत केलेल्या माणसाची कथा म्हणून सांगितली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या मूळ भवाईचा प्रेक्षक कोण? देवीच्या मंदिरासमोर किंवा गावाच्या चौकात जमिनीवर एक वर्तुळ आखले जाई, त्याला पौड म्हणत. त्याच्या तिन्ही-चारी बाजूंना गाव बसे. वेशात ज्या वाण्याची, ज्या ब्राह्मणाची टर उडविली जाई, तो वाणी व तो ब्राह्मण त्याच गर्दीत बसलेला असे. भवायांना शिधा-बिदागी देणारे यजमानही तेच. नट गावावर अवलंबून होता आणि तरीही त्या एका रात्रीपुरता गावाला बोलत होता. मशालीच्या उजेडात नटाचा चेहरा दिसे, तसे समोरच्या रांगेतले चेहरेही दिसत. हसणारा कोणाला हसतो, हे सर्वांना दिसत होते. भवाईची सगळी धार या व्यवस्थेत होती. तिच्यातील ग्राम्यताही याच व्यवस्थेतून आली होती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

या व्यवस्थेबाहेरचा पहिला महत्त्वाचा प्रेक्षक एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. १८४४ साली सुरतेस मानवधर्मसभा स्थापन झाली. तिचे प्रवर्तक दुर्गाराम मेहताजी आणि त्यांचे सहकारी दादोबा पांडुरंग. मराठी भाषेचे व्याकरण रचणारे आणि पुढे मुंबईस परमहंससभेच्या मागे उभे राहिलेले दादोबा त्या काळी सुरतेस शिक्षणकार्यात होते. जातिभेद, विधवांचे हाल, भूतपिशाच्चांवरील विश्वास यांविरुद्ध ही मंडळी सुरतेत उघडपणे बोलू लागली. या वातावरणात वाढलेल्यांपैकी एक म्हणजे महीपतराम रूपराम नीलकंठ. त्यांचा जन्म १८२९ साली सुरतेस झाला. शिक्षणखात्याच्या कामासाठी १८६० साली ते विलायतेस गेले, आणि परत आल्यावर नागर ब्राह्मण जातीने त्यांना बहिष्कृत केले. पुढे अहमदाबादेस शिक्षकांच्या अध्यापनशाळेचे ते प्राचार्य झाले. याच महीपतरामांनी भवाईचे वेश गोळा करून 'भवाईसंग्रह' हा ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांची 'सासू वहुनी लढाई' ही कादंबरी निघाली, आणि सुरतेच्याच नंदशंकर मेहतांची 'करणघेलो'ही त्याच वर्षीची.

समुद्र ओलांडला म्हणून जातीबाहेर पडलेला एक सुधारक, परजातीच्या मुलीबरोबर जेवला म्हणून जातीबाहेर पडलेल्या असाईताचे वेश छापतो, हा योग विलक्षण आहे. परंतु त्या पिढीचे भवाईविषयीचे मत अनुकूल नव्हते. तिच्यात अश्लीलता आहे, ती कुलीनांनी पाहण्याजोगी नाही, असे तिला वाटत होते. रणछोडभाई उदयराम यांनी भवाईतील बीभत्सपणाचा वीट येऊनच शिष्ट नाटके लिहावयास घेतली, असे गुजराती रंगभूमीचा इतिहास सांगतो. महीपतरामांच्या ग्रंथामुळे वेशांचे शब्द टिकले. जे छापता येत नव्हते, म्हणजे भुंगळीचा नाद, 'ता थैया'चा ठेका, नटाने समोरच्या माणसाकडे टाकलेला कटाक्ष, ते ग्रंथाबाहेर राहिले. शाळेत शिकलेला वाचक पहिल्यांदाच भवाई एकट्याने, मनात, हातात पुस्तक धरून भेटला. त्याला शब्दांतली ग्राम्यता दिसली. ती ग्राम्यता ज्याला झोंबत होती, तो शेजारी बसलेला मनुष्य दिसला नाही.

या पिढीत एका कवीने मात्र वेगळी वाट काढली. दलपतराम यांनी 'मिथ्याभिमान' हे प्रहसन लिहिले आणि त्याचे उपनाम ठेवले 'भुंगळ विनानी भवाई', म्हणजे भुंगळीवाचूनची भवाई. त्यातील जीवराम भट्टाला रातांधळेपणा आहे, पण मानापायी तो ते कबूल करीत नाही आणि सासुरवाडीस जाताना फजितीवर फजिती ओढवून घेतो. रंगलोला दलपतरामांनी या प्रहसनात मानाने जागा दिली. भवाईतील हसू ठेवावे आणि अश्लीलता टाकावी, हा त्यांचा मार्ग. भुंगळ गेली, तरी थट्टा कोणाची हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. दिसत नसताना दिसते असे म्हणणारा प्रतिष्ठित गृहस्थ त्यांच्या वाचकांपासून काही फार दूर नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. दलपतराम ज्या गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटीचे कार्यकर्ते होते, तीच पुढे गुजरात विद्यासभा झाली आणि तिच्याच आश्रयाने अहमदाबादेस नटमंडळ उभे राहिले. १९५३ साली नटमंडळाने रसिकलाल परीख यांचे 'मेना गुर्जरी' रंगमंचावर आणले. दिग्दर्शनाची धुरा जयशंकर 'सुंदरी' यांच्याकडे होती आणि मेनेची भूमिका दीना गांधी, म्हणजे पुढच्या दीना पाठक, यांनी केली. जयशंकर हे भोजक जातीचे, भवाईशी जन्माने निगडित असलेले नट. १९०१ साली 'सौभाग्य सुंदरी'तील नायिकेच्या भूमिकेमुळे त्यांना 'सुंदरी' हे नाव मिळाले. आपल्या बालगंधर्वांच्या जोडीने त्यांचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे. ज्या प्रकारात पुरुषच स्त्रीवेश घेत, त्याच्या नव्या अवतारात स्त्रीवेशाचा हा थोर नट एका तरुण स्त्रीला नायिका घडवीत होता. पुनरुज्जीवनातील हा सर्वांत मोठा बदल होय.

प्रेक्षकांनी या नाटकाचे मोठे स्वागत केले. १९५७ साली दिल्लीस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्यासमोर त्याचा प्रयोग झाला. शंभर वर्षांपूर्वी ज्या प्रकाराची शिक्षितांना लाज वाटत होती, त्याचाच आता अभिमान वाटू लागला. १९६८ साली शांता गांधी यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात 'जसमा ओडण' केले, तेव्हा गुजरातबाहेरच्या प्रेक्षकांनाही भवाईची ओळख पटली. सिद्धराज जयसिंहाला शाप देणारी, माती वाहणारी जसमा आधुनिक प्रेक्षकाला आपली वाटली. लोकनाट्याकडे वळण्याची जी लाट त्या दशकांत भारतभर उठली, तिच्यात भवाईला मानाचे स्थान मिळाले.

तथापि येथे थोडे थांबावयास हवे. लाज आणि अभिमान या परस्परविरुद्ध प्रतिक्रिया वाटतात. प्रेक्षक कोठे बसला आहे हे पाहिले, म्हणजे दोहोंतील साम्य दिसू लागते. सुधारक म्हणत होता, हे आपले नाही. नवा रसिक म्हणतो, हे आपले आहे. दोघेही पौडाबाहेर बसलेले आहेत. तिकीट काढून अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला, वाण्याची वा ब्राह्मणाची थट्टा चालू असताना, ती आपली आहे असे वाटत नाही. ती जुन्या गावाची आहे असे वाटते. जुन्या थट्टेवर हसणे सोपे असते. भुंगळ वाजते, घागरे फिरतात, टाळ्या पडतात, आणि कोणालाही काही लागत नाही. पुढे सरकारी योजनांच्या प्रचारासाठी भवाईचा उपयोग होऊ लागला. तेथे तर राजाला बोलणारा वेश राजाच्या वतीने बोलू लागला.

मराठी वाचकाला हे सारे परिचित आहे. तमाशाविषयी हीच लाज आपल्याकडे होती. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारने त्यावर बंधने घातली आणि दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा-सुधारणेसाठी समिती नेमली. मग लोकनाट्य आले, 'विच्छा माझी पुरी करा' आले, आणि शिष्ट प्रेक्षक मोकळेपणाने हसू लागला. परंतु १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले, तेव्हा काय घडले ते आठवावे. दशावतार, खेळे, तमाशा या सर्वांचे घटक घेऊन उभ्या राहिलेल्या त्या नाटकाने पुण्याच्या प्रेक्षकाला पुण्याविषयीच सांगितले. निषेध झाले, मोजक्या प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले, आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी कलावंतांना नवी संस्था काढावी लागली. त्या विरोधाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्या प्रयोगांत पौडाची जुनी रचना क्षणभर परत आली होती, हे मान्य करावे लागते. ज्याच्याविषयी बोलणे चालले होते, तो समोर बसला होता आणि त्याने उत्तर दिले.

गुजरातीत हे घडले ते १९८० च्या 'भवनी भवाई' या चित्रपटात. केतन मेहता यांनी असाईताच्या नावावर असलेल्या 'अछूतनो वेश' याचा आधार घेतला. त्यात आपले मोहन गोखले व स्मिता पाटील यांच्या प्रमुख भूमिका होत्या, आणि 'मेना गुर्जरी'तील दीना पाठकही होत्या. कंबरेला झाडू व गळ्यात थुंकीसाठी मडके बांधून चालावे लागणाऱ्या अस्पृश्यांची ही कथा. राजाच्या कोरड्या विहिरीला पाणी लागावे म्हणून बत्तीस लक्षणी पुरुषाचा बळी मागितला जातो. या चित्रपटाला दोन शेवट आहेत. एकात सारे गोड होते. दुसरा कठोर आहे. कथेचा पहिला शेवट ऐकणाऱ्याला पुरेसा का वाटू नये, हा प्रश्न चित्रपटच प्रेक्षकापुढे ठेवतो. वेशाच्या पुनरुज्जीवनात प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेला पुन्हा जागा मिळाली ती अशी. पाहणाऱ्याला आपण कोणत्या शेवटावर समाधानी होतो, हे स्वतःला विचारावे लागले.

म्हणून पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन करताना भुंगळ खरी होती की नाही, एवढेच पाहून चालणार नाही. सुरतेच्या दक्षिण-पूर्वेस डांगाच्या जंगलात आणि त्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी गावांत भवाडा किंवा बोहाडा होतो. तेथेही रात्रभर मुखवटे घातलेली सोंगे एकामागून एक येतात, गणपतीपासून महिषासुरापर्यंत, आणि सारे गाव जागते. सुरत शहरात तर खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे लिंबायत-उधना भागांत मोठ्या संख्येने राहतात, आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळाही तेथे आहेत. या शाळांत शिकविणाऱ्या शिक्षकांना एका बाजूस भवाई, दुसऱ्या बाजूस बोहाडा आणि पाठीशी तमाशा असे तिन्ही वारसे हाताशी आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांकडून वेश बसवून घ्यावेत. मात्र त्या वेशात चौदाव्या शतकातला वाणी असेल, तर त्याच्या शेजारी आजच्या मोहल्ल्यातलाही कोणी असावा, आणि तो प्रेक्षकांत बसलेला असावा. महीपतरामांनी वेशांचे शब्द आपल्यासाठी राखून ठेवले. ते पुन्हा कोणाच्या तोंडावर म्हणावयाचे, हे ठरविण्याचे काम त्यांनी नंतरच्यांवर सोपविले आहे.