सुरतेचा मुकादम

तापीच्या मुखाशी गाळ साचत चालला, मोगली अंमल शिथिल झाला आणि इंग्रजांच्या कंपनीने आपले मुख्य ठाणे १६८७ मध्येच मुंबईस हलविले, तरी जहाजबांधणीचे कसब सुरतेच्या सुतारांच्याच हाती राहिले होते. म्हणूनच १७३५ साली कंपनीचा डडली नामक अंमलदार जहाज बांधवून घेण्यास तेथे गेला, तेव्हा त्याची नजर कारखानदार धनजीभाईंपेक्षा त्यांचे मुकादम लवजी नसरवानजी यांच्यावर ठरली. धन्याचा लौकिक बाजूस सारून मुकादम हेरणारी ही दृष्टी मला त्या जहाजाहून मोलाची वाटते. मुंबईस येण्याविषयी विचारले असता, हाती घेतलेले काम पुरे झाल्यावाचून आपण सुरत सोडणार नाही, असे लवजींनी निक्षून सांगितल्याचे म्हणतात. पुढल्या वर्षी मोजके सुतार घेऊन ते मुंबईस आले व यथावकाश गोदीचे मुख्य कारागीर झाले. मात्र अधिकार हाती असूनही नातवांना त्यांनी वशिल्याने वर चढविले नाही. फ्रामजी आणि जमशेटजी यांना दरमहा १२ रुपयांवर, इतर सुतारांच्या पंक्तीत बसून, वाकस चालवावा लागला. लवजी १७७४ मध्ये निवर्तले, तेव्हा मागे संपत्ती अशी फारशी नव्हती. त्याच जमशेटजींनी बांधलेली ‘कॉर्नवॉलिस’ ही युद्धनौका १८१३ साली पाण्यात उतरली आणि तिच्यावरच १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला.