चुकीची जागा : पोथी, दक्षिणा व उत्तरपत्रिका

विद्यापीठांतील विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासाचे गुणदोष वेळोवेळीं सांगितले जावेत, वर्षाअखेरचा आंकडा कळविल्यानें अध्यापकाचें काम संपत नाहीं, हा विचार सांप्रत सर्वत्र ऐकूं येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि सतत मूल्यमापनावर भर दिला आहे. हा विचार सर्वस्वीं नवा आहे असें पुष्कळांस वाटतें. आपल्याकडील विद्यापरंपरेंत त्याचीं साधनें कोणतीं होतीं व तीं कां मागें पडलीं, हें येथें पाहण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्याला मिळणारा अभिप्राय दोन प्रकारचा असतो : 'किती आलें' हें सांगणारा, आणि 'कोठें चुकलें' हें दाखविणारा. हा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

प्रथम व्याकरणाची साक्ष घेऊं. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादांत, परीक्षेच्या वेळीं पठणांत ज्याच्याकडून चूक झाली अशा विद्यार्थ्याचा वाचक शब्द सिद्ध करण्याचा नियम आहे. काशिकेंतील उदाहरणांप्रमाणें एक चूक करणारा तो 'ऐकान्यिक', बारा करणारा तो 'द्वादशान्यिक'. चुकांची मोजदाद इतकी नित्याची होती कीं, तिच्यासाठीं पाणिनीला तद्धित प्रत्यय सांगावा लागला. या शब्दांतील 'अन्य' हें पद विशेष बोलकें आहे. म्हणावयाचें होतें एक, म्हटलें गेलें अन्य. म्हणजे ऐकणाऱ्याला चुकीची संख्याच नव्हे, तर जागाहि ठाऊक असे. समोरासमोरच्या अध्ययनांत या दोन गोष्टी वेगळ्या होऊंच शकत नव्हत्या. वेदपठणांतील पद, क्रम, जटा, घन इत्यादि पाठांचा हेतुहि असाच होता. एक अक्षर ढळलें तरी पुढची सांखळी जुळत नाहीं आणि म्हणणाऱ्याला तें तत्काळ उमगतें.

लेखनांत हेंच काम हरताळ करी. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फांसून तें झांकावें, वाळल्यावर त्यावर शुद्ध अक्षर लिहावें. गळलेल्या अक्षराच्या ठिकाणीं काकपद काढून तें समासांत भरावें, ही रीत संग्राहकांच्या नित्य पाहण्यांतली आहे. 'हरताळ फांसणें' हा आपल्या भाषेंतला वाक्प्रचार तेथूनच आला. परंतु प्रत्येक दुरुस्ती गुरूचीच असते असें नव्हे. मूळ लेखन व शोधन एकाच हातचें असेल, तर लेखकानें स्वतःच प्रत ताडून पाहिली असें समजावें. उलट मूळ अक्षर कच्चें, शोधनाचें अक्षर सराईत, शाई निराळी, आणि समासांत विग्रह किंवा अन्वय दाखविणारें टिप्पण, अशीं लक्षणें एकत्र आढळलीं, तर ती पोथी अध्ययनाची, व तें शोधन अध्यापकाचें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. अशी पोथी अपुरी व अशुद्ध म्हणून बाजूला पडते. आमच्या मतें तीच अध्यापनाचा प्रत्यक्ष पुरावा होय.

आतां दक्षिणेकडे वळूं. खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवास सुरू केलेली श्रावणमासची दक्षिणा, १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर, पेशव्यांनीं पुण्यास चालूं ठेविली. विद्वानांची परीक्षा शास्त्रीमंडळी घेई व योग्यतेप्रमाणें रक्कम ठरे. माहुलीकर रामशास्त्री प्रभुणे यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे बंधु दक्षिणेस आले असतां नाना फडणविसांनीं वीस रुपये सुचविले. शास्त्रीबोवा म्हणाले कीं, यांची विद्या इतरांसारखीच, तेव्हां सर्वांप्रमाणें दोन रुपये द्यावेत. भावाचें नातें आम्ही घरीं पाहूं. आख्यायिका म्हणून ती सोडून दिली, तरी तिचें मर्म खरें आहे : रुपयांचा आंकडा हाच विद्येचा निकाल होता. निकाल निःस्पृह असे. पण दोन रुपये घेऊन परतणाऱ्यास कोणतें प्रकरण पुन्हां पाहावें, हें त्या रुपयांवरून कळत नव्हतें.

एल्फिन्स्टननें दक्षिणेची रक्कम सालीना पन्नास हजारांवर आणिली, व तींतील कांहीं भाग काढून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा स्थापिली. पुढें १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ झालें, तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवावें महाविद्यालयांनीं, परीक्षा घ्यावी विद्यापीठानें, अशी वांटणी झाली. परीक्षक विद्यार्थ्यास ओळखत नाहीं, म्हणून पक्षपात टळला. हा लाभ लहान नव्हे. परंतु चूक ज्याला दिसली तो शिकविणारा नव्हे, व जो शिकविणारा त्याला ती दिसली नाहीं, असा प्रसंग त्यामुळें उत्पन्न झाला. उत्तरपत्रिका गेली ती गेली. परत आला तो आंकडा. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें माहितीच्या अधिकाराखालीं परीक्षार्थ्यास तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. दार उघडलें, हें खरें. मात्र आंत अंकाशेजारीं कारण लिहिलेलें असेलच असें नाहीं.

या दोन पद्धतींचा मेळ बसूं शकतो, याचें उदाहरण आम्हां पाचगणीकरांना दूर शोधावें लागत नाहीं. पसरणीचा घाट उतरलें कीं वाई. तेथें नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांनीं १९१६ सालीं प्राज्ञ पाठशाळेचें कार्य उभारिलें. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे आश्रमांतून रजा घेऊन त्यांच्यापाशीं अध्ययनास राहिले, आणि १९१८ सालीं आपण काय वाचलें, कसे राहिलों, याचा सविस्तर हिशेब त्यांनीं पत्रानें गांधीजींस कळविला. येथें शिष्यानेंच आपलें मूल्यमापन गुरूपुढें ठेविलें. दुसरें उदाहरण लक्ष्मणशास्त्री जोशी यांचें. त्यांचें अध्ययन वाईस झालें, आणि १९२३ सालीं 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळाली ती कलकत्त्याच्या परीक्षेंत. पदवी परक्या परीक्षकानें दिली, दुरुस्ती घरच्या गुरूनें केली. कोणी कोणाचें काम बळकाविलें नाहीं.

यावरून आमचा निष्कर्ष इतकाच कीं, सध्यांच्या सुधारणेस परंपरेचा विरोध नसून आधार आहे. गुण देण्याचा अधिकार दूरच्या परीक्षकाकडे खुशाल राहो. चुकीची जागा दाखविण्याचें काम मात्र शिकविणाऱ्यानेंच, आणि विद्यार्थ्याला सुधारण्यास अवधि असतांनाच, केलें पाहिजे. संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, दोन हातांच्या अक्षरांची अपुरी पोथी हातीं आली तर ती टाकूं नये. सूचींत 'शोधन परहस्तें' एवढी नोंद तरी अवश्य करावी. अशा नोंदी पुरेशा जमल्या म्हणजे आपल्या प्रांतांत विद्या कशी दिली जाई, याचा इतिहास गुरूंच्या स्वतःच्या हस्ताक्षरांतून लिहितां येईल.