कुंडलिकेचं पाणी घाटावरून येतं



शनिवार-रविवारी आपल्या कोलाडला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. डोक्यावर हेल्मेट, हातात वल्हं, आणि रबरी होडीतून ओरडत मंडळी कुंडलिकेतून खाली येतात. आपल्यातल्या काहीजणी त्यांच्यासाठी भाकऱ्या भाजतात. पण ऐन मे महिन्यात, वाडीतली विहीर तळाला गेलेली असताना, या नदीला एवढं पाणी कुठून येतं?

ते बरंचसं घाटावरचं आहे. मुळशी पेट्यातल्या मुळा नदीचं. मुळेने खरं तर पूर्वेला वाहायचं, पुण्यावरून भीमेत आणि तिथून कृष्णेत. टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधून ते अडवलं, आणि सह्याद्रीतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला आणलं. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. वीज गेली मुंबईला, पाणी आलं आपल्याकडे.

धरणाखाली पन्नासच्या आसपास गावांची जमीन जायची होती. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं ती. जमीन सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कंपनीसाठी घेतली. मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यातून मिळाली. बायकाही कामाच्या जागी जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात, त्यात या बायका कुठे दिसत नाहीत.

लढा तीन वर्षं चालला आणि हरला. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्याच झालेल्या होत्या. सावकार मोबदल्यावर राजी झाले, आणि जमीन कसणाऱ्या कुळाच्या बाजूने बोलणारे कमी उरले. गटाच्या बैठकीत सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे का, असं आम्ही दर वेळी विचारतो, आणि काहीजणी कंटाळतात. मुळशीची गोष्ट ऐकल्यावर एवढ्या कंटाळत नाहीत.

आता खाली येऊ. भिऱ्याला वीज तयार झाली की पाणी नदीत सुटतं, आणि सकाळी साजे गावाजवळून राफ्ट निघतात. वीजघराने पाणी सोडलं नाही तर होड्या किनाऱ्यावरच पडून राहतात, मग पाहुणे कितीही लांबून आलेले असोत. पुढे डोलवहाळचा बंधारा हे पाणी पुन्हा अडवतो. तिथून दोन्ही बाजूंना कालवे निघतात. रोहा-माणगावकडे उन्हाळ्यात दुबार भात दिसतं ते त्यांच्यामुळे.

पक्षी बघायचे तर राफ्टच्या मागे धावू नका. जिथे पाणी थांबलेलं आहे तिथे सकाळी लवकर जा. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असतो, खंड्या तारेवरून सूर मारतो, वंचक चिखलात इतका गप्प उभा असतो की उडाल्याशिवाय कळत नाही. नाशिककडचं नांदूरमध्यमेश्वरही असंच, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं. पाणी साठलं, गाळ साठला, पक्षी आले, आणि २०२० साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा झाली. आपल्या कुंडलिकेला असं कसलं संरक्षण नाही. तिच्या काठी कागद, बाटल्या, पत्रावळ्या कोण टाकतं आणि कोण उचलतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात आपले गट मुळशीला जाणार आहेत. ज्यांच्या घरी आजी-पणजीकडून त्या धरणाची काही गोष्ट आलेली असेल, त्यांनी बैठकीत सांगावी. आम्ही लिहून घेऊ.