हंगेरीचं संगीत : ‘आपलं’ म्हणजे कुणाचं?

हंगेरियन वाद्यवृंदसंगीताची एक संध्याकाळ आखायला मला कुणी सांगितलं, तर मी चारच रचना निवडीन. शंभर वर्षांच्या अवधीतल्या या रचना एकच प्रश्न विचारतात : ज्याला आपण ‘आपलं’ संगीत म्हणतो, ते नक्की कुणाचं?

पहिली, फ्रान्झ लिस्ट यांची दुसरी ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’. मूळ पियानोसाठी लिहिलेली, १८५१ साली छापलेली आणि मागाहून वाद्यवृंदासाठी बांधलेली. आरंभी संथ, मग वेग चढत जाणारी. हा ढंग ‘वेर्बुंकोश’ नावाच्या नाचातला. अठराव्या शतकात सैन्यभरतीसाठी आलेले शिपाई गावोगावी तो नाचत आणि साथीला रोमा वादक असत. रोमा, म्हणजे तिकडे ज्यांना जिप्सी म्हणत ते लोक. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेलेले. हंगेरीचं संगीत मुळात या रोमांचंच, असं लिस्ट यांनी १८५९ च्या पुस्तकात लिहिलं आणि मायदेशी गदारोळ उठला. वास्तविक रोमा वाजवत त्यातल्या पुष्कळ चाली सुशिक्षित हंगेरियन हौशी मंडळींनी रचलेल्या होत्या.

मग अस्सल हंगेरियन ते कोणतं? बेला बार्टोक आणि झोल्टान कोडाय यांनी १९०५-०६ पासून खेड्यांची वाट धरली. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारा फोनोग्राफ त्यांच्याबरोबर असे. शेतकऱ्यांच्या तोंडून त्यांना पाच स्वरांच्या जुन्या चाली मिळाल्या. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्या धानी रागाचेच हे स्वर!

बार्टोक मात्र तिथं थांबले नाहीत. स्लोव्हाक आणि रुमानियन गाणीही त्यांनी जमवली. १९१३ साली ते अल्जीरियातल्या बिस्क्रापर्यंत जाऊन आले. पुढे महायुद्धातल्या पराभवानंतर, १९२० च्या त्रियानॉँ तहानं हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला. ट्रान्सिल्वानिया रुमानियाला मिळाला. अशा वेळी रुमानियन लोकसंगीतावर लिहिणाऱ्याची देशनिष्ठा वृत्तपत्रांतून संशयात घेतली गेली.

तीनच वर्षांनी बुडा, ओबुडा आणि पेश्ट ही शहरं एक झाल्याला ५० वर्षं पूर्ण होत होती. त्या सोहळ्यासाठी बार्टोक यांनी ‘डान्स स्वीट’ लिहिली, ती माझी दुसरी निवड. १९ नोव्हेंबर १९२३ रोजी बुडापेस्ट फिलहार्मोनिकनं ती प्रथम वाजवली. राष्ट्रीय उत्सवाच्या या रचनेत हंगेरियन वळणाच्या चालींशेजारी रुमानियन आणि अरबी वळणाच्या चाली बसल्या आहेत, आणि त्यातली एकही उसनी नाही. सगळ्या बार्टोक यांच्या स्वतःच्या. टीकाकारांना दिलेलं याहून सभ्य उत्तर मला ठाऊक नाही.

तिसरी रचना कोडाय यांची ‘गालांताची नृत्यं’. फेरेन्स एर्केल यांच्या पुढाकारानं १८५३ साली उभ्या राहिलेल्या याच वाद्यवृंदाच्या ८० व्या वर्षासाठी, १९३३ साली लिहिलेली. कोडाय यांचं बालपण गालांतात गेलं. रोमांचा वाद्यमेळ त्यांनी तिथंच ऐकला. आज ते गाव स्लोव्हाकियात आहे. खेड्यातल्या गाण्यांचा हा संशोधक इथं पुन्हा वेर्बुंकोशकडे, रोमांच्या वादनाकडे वळतो.

शेवटी ज्यॉर्ज लिगेती. ट्रान्सिल्वानियातल्या हंगेरियनभाषक ज्यू कुटुंबात १९२३ साली जन्म. वडील आणि भाऊ नाझी छळछावण्यांत मृत्युमुखी पडले. १९५१ साली त्यांनी लिहिलेल्या ‘रुमानियन कॉन्चेर्तो’ला कम्युनिस्ट राजवटीत एका तालमीनंतरच मनाई झाली. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर ते देशाबाहेर पडले. ती रचना जाहीरपणे वाजली १९७१ साली.

सीमा तहानं सरकल्या, राजवटी बदलल्या. स्वर मात्र कुणाचे आणि कुठून आले, हे न विसरता या संगीतकारांनी ते आपले मानले. हंगेरियन संगीताची श्रीमंती मला त्यातच दिसते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)