सेकंड-हँड इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन घेताय? अस्सल की नकली, आणि किंमत किती, हे असं तपासा

पहिल्या पगारातून किंवा साठवलेल्या पॉकेटमनीतून गिटार घ्यायचं ठरवलं की जुनी फेंडर स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात मिळतेय अशी जाहिरात हमखास समोर येते. १९५४ साली आलेलं हे मॉडेल आजही खूप लोकप्रिय आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गिटार हा माझा छंद. बग शोधताना एकाच लॉगवर विश्वास ठेवत नाही, तसंच इथेही करतो. दोन-तीन पुरावे एकमेकांशी जुळले तरच पुढे जायचं.

१. फोटो स्वतः मागवा

जाहिरातीतला फोटो आधी गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या देशातल्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला. मग हेडस्टॉकचे पुढून-मागून, बॉडीच्या मागचे आणि फ्रेटचे जवळून फोटो मागवा. शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद असू द्या. लाकडाच्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या असतात, दोन गिटारच्या कधी सारख्या नसतात. एकदा मला जाहिरातीतल्या आणि नंतर आलेल्या फोटोत या रेषा वेगळ्या दिसल्या. मी व्यवहार तिथेच थांबवला.

२. सिरियल नंबर वाचा

फेंडरच्या २०१० नंतरच्या बऱ्याच गिटारवर नंबर 'यूएस' किंवा 'एमएक्स'ने सुरू होतो. यूएस म्हणजे अमेरिका, एमएक्स म्हणजे मेक्सिको, आणि पुढचे दोन अंक म्हणजे वर्ष. विक्रेता 'अमेरिकन आहे' म्हणतोय आणि नंबर एमएक्सने सुरू होतोय, तर गिटार अस्सल असेलही, पण किंमत अमेरिकन मॉडेलची देऊ नका.

नंबर 'आयसीएस'ने सुरू होत असेल तर ती इंडोनेशियात बनलेली स्क्वायर आहे. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड. त्यावर फेंडरचा लोगो चिकटवलेला दिसला तर समजून जा.

फेंडरच्या वेबसाइटवर नंबर टाकून बघता येतो. पण नंबर कॉपीही करता येतो, त्यामुळे तो जुळला एवढ्यावरच खूश होऊ नका.

३. आतले भाग बघा

गिटार खूप जुनी आणि महाग असेल तर पिकगार्ड उघडून आतला फोटो मागा. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटवर अनेकदा कोड असतो. उदाहरणार्थ १३७६६३४: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३४ म्हणजे आठवडा. पॉट गिटारपेक्षा थोडा जुना असणं नॉर्मल आहे. पण '१९६५ची गिटार' आणि पॉट १९७८चा, म्हणजे एकतर पार्ट बदललाय किंवा दावा खोटा आहे.

४. किंमत कशी ठरवायची?

मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' फिल्टर लावला की प्रत्यक्षात किती रुपयांना विकली गेली ते कळतं. रिव्हर्बच्या प्राइस गाइडवरही अंदाज येतो. परदेशातला भाव बघताना शिपिंग आणि कस्टम ड्युटी वेगळी धरा.

मग कमी-जास्त करा. फ्रेट खूप झिजले असतील तर ते बदलायचा खर्च वजा करा. पुन्हा रंगवलेली किंवा पार्ट बदललेली विंटेज गिटार स्वस्त व्हायला हवी. गिब्सन लेस पॉल घेत असाल तर हेडस्टॉकच्या मुळाशी तडा शोधा. हे मॉडेल तिथे मोडतं, आणि दुरुस्ती कितीही छान असली तरी किंमत बरीच उतरते.

५. पैसे देण्याआधी

व्हिडिओ कॉलवर गिटार ॲम्पला लावायला सांगा. आधुनिक स्ट्रॅटचा पाच पोझिशनचा स्विच प्रत्येक जागी फिरवून ऐका, आणि सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवून घ्या. शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटूनच घ्या.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. 'रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कोणी म्हटलं तर तो तुमचे पैसे काढतोय. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कॉल करा. जितका लवकर कॉल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

'आज रात्रीच टोकन पाठवा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' असं विक्रेता म्हणाला तर घाई करू नका. हातची एक गिटार गेली तर दुसरी मिळेल, गेलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.